ट्रॅक्टरच्या बॅटरीचे टर्मिनल तुटले? दुरुस्ती कोणती करावी, कोणती टाळावी

वरणगाव, भुसावळ, मुक्ताईनगर भागात मे अखेर ते जून हा काळ ट्रॅक्टरला उसंत न देणारा असतो. पूर्वहंगामी कपाशीची सरी पाडायची असते, केळीच्या मृगबागेसाठी रोटाव्हेटर फिरवायचा असतो, शेणखताच्या ट्रॉल्या ओढायच्या असतात. नेमक्या अशा सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक' आवाज येतो. चालक बॉनेट उघडतो, क्लॅम्प सैल वाटतो म्हणून त्यावर हातोडीचे दोन टोले मारतो, आणि बॅटरीचे टर्मिनल क्लॅम्पसकट हातात येते.

यानंतर जे केले जाते त्यातूनच खरे नुकसान होते. कोणी तुटलेल्या बुडख्याला वायर गुंडाळून सेल्फ मारतो, कोणी गॅसची ज्योत घेऊन शिसे वितळवायला बसतो. काही शंभर रुपयांची दुरुस्ती वाचवताना बॅटरी फुटून डोळ्यात ॲसिड गेले, तर ते नुकसान कोणत्याही हंगामात भरून निघत नाही. म्हणून टर्मिनल नेमके कुठे तुटले आहे हे आधी ओळखायचे आणि मगच दुरुस्ती की बदल हे ठरवायचे, एवढी एक सवय या लेखातून लावून घ्यावी.

टर्मिनल आतून कसे असते?

या लेखात टर्मिनल म्हणजे बॅटरीच्या झाकणातून वर आलेला शिशाचा गोल खुंट. त्यावर बसणाऱ्या वायरीच्या टोकाला आपण क्लॅम्प म्हणू.

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात. दोन्ही टोकांच्या कप्प्यांत प्लेटा एका शिशाच्या पट्टीला जोडलेल्या असतात आणि त्या पट्टीतून शिशाचा खांब वर येतो. प्लास्टिकच्या झाकणात शिशाची एक कडी बसवलेली असते. कारखान्यात हा खांब त्या कडीत घालून वरून वितळवून एकजीव केला जातो. बाहेर दिसते ते टर्मिनल म्हणजे कडी आणि खांब यांचा हा जोड होय.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, झाकणाच्या वर तुटलेले टर्मिनल आणि झाकणाच्या आत तुटलेला खांब ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसरी, शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर झाकणाचे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक साधारण १६० ते १६५ अंशांलाच वितळते. म्हणजे शिसे वितळण्याआधी झाकण मऊ पडते. अंदाजाने ज्योत धरली की कडीभोवतीचा प्लास्टिकचा जोड सुटतो आणि तिथून ॲसिड झिरपू लागते.

सैल जोड एवढा का नडतो?

डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर काही क्षण २०० ते ४०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. समजा प्रवाह ३०० अँपिअर आहे आणि टर्मिनलच्या जोडाचा रोध फक्त ०.००२ ओहम आहे. तरी त्या जोडावर ०.६ व्होल्ट खर्च होतात आणि १८० वॉट उष्णता तयार होते. रोध ०.०१ ओहम झाला, तर ३ व्होल्ट जातात आणि उष्णता ९०० वॉट होते. ही उष्णता अंगठ्याएवढ्या शिशात साठते. त्यामुळे वायर गुंडाळून केलेला जोड घरातला दिवा पेटवेल, पण ट्रॅक्टरचा सेल्फ फिरवू शकणार नाही. उलट तो तापेल, ठिणगी टाकेल आणि उरलेले शिसेही वितळवेल.

आधी तपासा: तूट कोणत्या प्रकारची?

ट्रॅक्टर बंद करा, चावी काढा. काम करताना पाना चुकून ट्रॅक्टरच्या लोखंडाला लागला तरी शॉर्ट होऊ नये म्हणून आधी निगेटिव्ह वायर सोडा आणि नंतर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह टर्मिनलच तुटून वायर सुटली असेल तर तिच्या टोकाला कोरडे कापड किंवा टेप गुंडाळा आणि मग निगेटिव्ह सोडा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मग बॅटरी बाहेर काढून पुढील चारपैकी कोणता प्रकार आहे ते पाहा.

१) टर्मिनल झिजले आहे, पण तुटलेले नाही: क्लॅम्प पूर्ण आवळूनही फिरतो. टर्मिनल हाताने हलवले तर हलत नाही. ही सर्वांत सोपी स्थिती.

२) टर्मिनल झाकणाच्या वर तुटले आहे: निम्म्याच्या आसपास बुडखा शिल्लक आहे, तो घट्ट आहे आणि बुडाशी ओल नाही. दुरुस्ती होऊ शकते.

३) टर्मिनल झाकणाच्या पातळीला तुटले आहे: वर पकडायला काहीच नाही. अनुभवी बॅटरी कारागीरच ठरवू शकेल. बॅटरी जुनी असेल तर या खर्चात पडू नये.

४) बुडखा हलतो, फिरतो किंवा बुडाशी ॲसिडची ओल येते: कडीचा जोड किंवा आतला खांब सुटला आहे. अशी बॅटरी दुरुस्तीची नाही, बदलण्याची आहे.

कधी टर्मिनल बाहेरून शाबूत दिसते, पण आत तुटलेले असते. मल्टिमीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताच व्होल्टेज दोन-तीन व्होल्टवर किंवा शून्यावर कोसळते आणि सेल्फ सोडताच पुन्हा १२ वर येते. हे आतल्या जोडाच्या तुटीचे लक्षण असू शकते. मात्र क्लॅम्पवरचा मळही असाच फसवतो. म्हणून मीटरच्या दोन्ही काड्या क्लॅम्पवर न लावता थेट टर्मिनलच्या शिशावर लावून ही तपासणी एकदाच करावी आणि त्या वेळी बॅटरीवर वाकून उभे राहू नये. आतला जोड तुटला असल्याची शंका असेल तर पुन्हा सेल्फ मारू नये. आतल्या तुटीवर ठिणगी पडते आणि तिथेच हायड्रोजन साठलेला असतो.

हायड्रोजनचा धोका

चार्जिंगच्या वेळी, विशेषतः बॅटरी भरत आल्यावर, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. चार्जिंग थांबल्यावरही हा वायू झाकणाखालच्या मोकळ्या जागेत राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पाणी लवकर कमी होते आणि प्लेटांवरची ही मोकळी जागा वाढते. म्हणजे वायू साठायला जास्त जागा मिळते.

स्फोट छोटा असला तरी झाकणाचे तुकडे आणि सल्फ्युरिक ॲसिड थेट चेहऱ्याकडे येते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

- चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर काम करू नये. किमान काही तास जाऊ द्यावेत.
- काम सावलीत, पण मोकळ्या हवेत करावे. गोठा, कडब्याची गंजी, डिझेलचे ड्रम आणि बंद शेड टाळावे.
- बिडी, काडेपेटी, ग्राइंडर आणि विजेवर चालणारे ड्रिल मशीन बॅटरीजवळ नको. ड्रिल मशीनच्या कार्बन ब्रशमध्येही ठिणगी पडते.
- डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, रबरी हातमोजे आणि जुने सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. कीटकनाशक फवारणीचा चष्मा असेल तर तोच वापरावा.
- जवळ भरपूर पाणी भरून ठेवावे. ॲसिड डोळ्यात गेले तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. डोळ्यात सोडा, दूध, तूप असे काहीही घालू नये.

स्वतः करता येईल अशी दुरुस्ती: झिजलेल्या टर्मिनलसाठी

पहिल्या प्रकारात ज्योतीची गरजच नसते. क्लॅम्प सैल होण्यामागे अनेकदा चुकीचा क्लॅम्प हेच कारण असते. नेहमीच्या प्रमाणित आकारात पॉझिटिव्ह टर्मिनल वरच्या टोकाशी १७.५ मिमी आणि निगेटिव्ह १५.९ मिमी जाडीचे असते. म्हणजे पॉझिटिव्ह जाड, निगेटिव्ह बारीक. पॉझिटिव्हचा क्लॅम्प निगेटिव्हवर लावला तर तो कधीच घट्ट बसत नाही. निगेटिव्हचा पॉझिटिव्हवर ठोकून बसवला तर टर्मिनलला तडा जातो.

आकार बरोबर असूनही टर्मिनल झिजले असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारी शिशाची टोपी किंवा बाही टर्मिनलवर बसवावी.

- एक पेला पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने टर्मिनल आणि क्लॅम्प धुवावेत. सर्व बुचे घट्ट लावलेली असावीत. सोडा आत गेला तर ॲसिड निकामी होते.
- फेस थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.
- टर्मिनलची बाहेरची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावी.
- टोपी बसवून क्लॅम्प हाताने पूर्ण खाली दाबावा आणि मग पान्याने आवळावा. खिळा, पत्र्याचा तुकडा किंवा तांब्याची तार पाचर म्हणून मारू नये.

कारागिराकडून करून घ्यायची दुरुस्ती: वर तुटलेल्या टर्मिनलसाठी

दुसऱ्या प्रकारात टर्मिनल शिशाने पुन्हा भरून घेता येते. हे काम बॅटरी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच करावे. तरीही काम कसे होते हे तुम्हाला माहीत असावे, म्हणजे कोणाच्या हाती बॅटरी द्यायची हे ठरवता येईल.

काम जाणणारा कारागीर आधी बॅटरीची बुचे उघडून आतला वायू बाहेर जाऊ देतो, वरून हवा मारतो आणि मग भोके ओल्या कापडाने झाकतो. बुडखा तारेच्या ब्रशने किंवा कानशीने घासून त्याचे उजळ शिसे काढतो. त्याभोवती योग्य आकाराचा, पूर्ण कोरडा लोखंडी साचा बसवतो. वितळलेल्या शिशावर पाण्याचा थेंब पडला तर शिसे उसळून अंगावर उडते, म्हणून साचा कोरडा असणे आणि ओले कापड ठिबकत नसणे महत्त्वाचे आहे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. बुडख्याचा वरचा थर आधी वितळला पाहिजे आणि मगच शिशाची कांडी थोडी थोडी त्यात मिसळली पाहिजे. झाकण तापू नये म्हणून मध्ये मध्ये थांबावे लागते. जो कारागीर कढईत वितळवलेले शिसे थंड बुडख्यावर नुसते ओततो, त्याचा जोड दिसायला गुळगुळीत होतो, पण एकजीव होत नाही. रोटाव्हेटरच्या पहिल्याच हादऱ्यांत तो निखळतो.

झाकण पूर्ण बंद असलेली, म्हणजे बुचे न उघडणारी मेंटेनन्स-फ्री बॅटरी असेल तर आतला वायू काढता येत नाही. अशा बॅटरीवर ज्योतीचे काम करून घेऊ नये.

हंगाम निभावण्यापुरता बोल्टचा पर्याय

बुडखा घट्ट आहे, पण कारागीर लगेच मिळत नाही, अशा वेळी ऑटो इलेक्ट्रिशियन बुडख्याचा माथा कानशीने सपाट करून मधोमध हाताच्या ड्रिलने भोक पाडतो, त्यात पितळी बोल्ट बसवतो आणि वायरीला क्लॅम्पऐवजी रिंगचा लग लावतो. यात एक गोष्ट पाहावी: लग शिशाच्या सपाट माथ्यावर पूर्ण टेकून दाबला गेला पाहिजे. प्रवाह मुख्यतः त्या सपाट भागातून जायला हवा, बोल्टच्या आट्यांतून नव्हे. बोल्ट जास्त आवळला तर शिशातले आटे निघून जातात. भोक बुडख्याच्या उंचीपेक्षा खोल नेऊ नये. हा उपाय हातातले काम संपेपर्यंतचा आहे. पेरणी आटोपली की टर्मिनल नीट भरून घ्यावे किंवा बॅटरी बदलावी.

एम-सीलसारखा लांबी चिकटवून किंवा साध्या सोल्डरने डाग देऊन टर्मिनल जोडू नये. लांबीतून वीज वाहत नाही आणि सोल्डरचा वरवरचा डाग स्टार्टरचा प्रवाह आणि हादरे पेलत नाही.

दरम्यान ट्रॅक्टर सुरू करायचाच असेल तर त्याच व्होल्टेजची दुसरी चांगली बॅटरी तात्पुरती बसवावी. धक्का मारून सुरू केलेला ट्रॅक्टर बॅटरीविना चालवत ठेवू नये. अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

दुरुस्ती झाली, आता खात्री करा

- टर्मिनल हाताने हलवून पाहा. अजिबात हलता कामा नये. बुडाशी कोरडे कापड फिरवा, ओल लागता कामा नये.
- जोडताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह वायर जोडा. भरलेल्या टर्मिनलवर पुन्हा + किंवा − खूण करून घ्या.
- मल्टिमीटरची एक काडी टर्मिनलच्या माथ्यावर आणि दुसरी त्याच बाजूच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर जोड चांगला. ०.५ व्होल्टच्या वर गेले तर जोड पुन्हा उघडून साफ करा.
- दोन-तीन वेळा सेल्फ मारून, सेल्फ सोडल्यावर टर्मिनलला हात लावा. गरम लागले तर काम नीट झालेले नाही.

दुरुस्ती परवडते का?

दुकानात जाण्याआधी बॅटरीची तब्येत पाहा. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावे. हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांची घनता मोजा. एखाद्या कप्प्याची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, म्हणजे बाकीचे १.२५० दाखवतात आणि एक १.२०० दाखवतो, तर तो कप्पा थकला आहे. अशा बॅटरीवर नवे टर्मिनल बसवणे म्हणजे वाळलेल्या झाडाला खत घालण्यासारखे आहे. बॅटरी वॉरंटीत असेल तर कोणालाही हात लावू न देता आधी विक्रेत्याला दाखवा. जुनी असेल तर मोडीची किंमत वजा करून नवी कितीला पडते ते विचारा आणि तो आकडा दुरुस्तीच्या खर्चासमोर ठेवून निर्णय घ्या.

शिसे आणि शेत: ही काळजी घ्याच

शिशाचा कीस आणि धूर विषारी आहे. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. जमिनीत पडलेले शिसे कुजून नाहीसे होत नाही, वर्षानुवर्षे तिथेच राहते.

- घासकाम कागद पसरून करा. कीस कागदासकट गुंडाळून बॅटरीवाल्याकडे द्या.
- काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू-चुना मळू नका, भाकरीला हात लावू नका.
- घरच्या चुलीवर किंवा स्वयंपाकाच्या भांड्यात शिसे वितळवू नका.
- बॅटरीचे ॲसिड बांधावर, चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. चुकून सांडले तर त्यावर चुना किंवा सोडा टाका आणि ती माती खरवडून वेगळी करा. केळी धुण्याच्या हौदाजवळ किंवा माल भरण्याच्या जागी हे काम कधीच नको.
- बाद बॅटरी भंगारात फोडून देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच जमा करा.

टर्मिनल तुटूच नये म्हणून

टर्मिनल एका टोल्याने तुटलेले दिसले तरी ते बहुधा आधीच कमकुवत झालेले असते. बॅटरी खोक्यात सैल असेल तर रोटाव्हेटरचा प्रत्येक हादरा वायरीमार्फत टर्मिनलवर येतो. वायर आखूड आणि ताणलेली असेल तर तेच होते.

- बॅटरी दाबून ठेवणारी पट्टी दर ५० तासांच्या कामानंतर आवळून घ्या.
- क्लॅम्प काढताना नट सैल करा, क्लॅम्पची फट पेचकसाने हलकेच उघडा आणि क्लॅम्प डावी-उजवीकडे फिरवत वर उचला. हातोडी आणि पहार वापरू नका.
- वायरीला थोडी ढील ठेवा.
- क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. म्हणजे पांढरा-हिरवट क्षार धरत नाही.
- एप्रिल-मे महिन्यांत दर १५ दिवसांनी पाणी तपासा. पातळी प्लेटांच्या वर सुमारे १० मिमी असावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, ते प्लेटा खराब करते.
- ट्रॅक्टर महिनाभराहून अधिक काळ उभा राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडून ठेवा.

कृषी सहायक आणि गटशेतीच्या प्रतिनिधींनी हंगामपूर्व बैठकीत बियाणे उगवण चाचणीबरोबर बॅटरीची ही तपासणीही दाखवावी. एक पाना, सोड्याची पुडी आणि मल्टिमीटर एवढे साहित्य त्याला पुरते. मृगाच्या सकाळी अडकण्यापेक्षा मे महिन्यातली ही १५ मिनिटे कधीही स्वस्त पडतात.